घरांत कोळशाची सांठवण

सातपुड्यांतील तोरणमाळ सुमारें ११५० मीटर उंचीवर आहे. अक्कलकुवा तालुक्यांतील डाब येथें तर पहांटेचें दंव गोठल्याचें अनेक हिवाळ्यांत आढळलें आहे. अशा थंडींत शेकण्यास लोणारी कोळसा सोयीचा असतो. त्याचा धूर थोडा व ऊब फार वेळ टिकणारी. परंतु तो धान्याप्रमाणें सांठवून चालत नाहीं.

महसुली नोकरींत असतांना आम्हीं एका जळिताचा पंचनामा लिहिला होता. भट्टींतून काढलेला कोळसा त्याच दिवशीं पोत्यांत भरून कडब्याच्या गंजीशीं ठेविला होता. भरतांना तो हाताला थंड लागला होता. मध्यरात्रीं गंज पेटली व शेजारच्या गोठ्यांतील बैलजोडी गेली.

असें होण्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. ताजा कोळसा हवेंतील प्राणवायू शोषून घेतो व त्या क्रियेंत उष्णता उत्पन्न होते. पसरलेल्या कोळशांतून ती निघून जाते. दाबून भरल्यास आंत कोंडते. चुरा जितका अधिक, तितका धोका अधिक. शिवाय एखादा निखारा वरून विझलेला दिसला तरी आंत जिवंत असतो.

म्हणून नवा कोळसा घर, गोठा व गंज यांपासून दूर, मोकळ्या जागीं पातळ थरांत पसरावा व निदान २४ तास तसाच राहूं द्यावा. मग चुरा चाळून काढावा. सांठा वेगळ्या पत्र्याच्या छपराखालीं, जमिनीपासून उंच दगडी ओट्यावर ठेवावा. ओल लागलेला कोळसा पेटतांना तडतडून ठिणग्या उडवितो. जवळ कापूस, मिरची, रॉकेल किंवा रासायनिक खत ठेवूं नये. घरांत दोन-तीन दिवसांपुरताच कोळसा झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत असावा. शेगडींतील राख उकिरड्यावर टाकण्यापूर्वीं पाणी घालून पुरती विझवावी.

दुसरें संकट याहून गुप्त आहे. जळत्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां २०० पटींहून अधिक जोरानें त्याला धरून ठेवतें, व निजलेला मनुष्य जागा न होतां प्राणास मुकतो. धूर नाहीं म्हणून भय नाहीं, ही समजूत घातक आहे. शेगडी अंगणांत पेटवावी, शेकतांना दारें-खिडक्या उघड्या ठेवाव्या, आणि निजण्यापूर्वीं ती घराबाहेर काढावी. डोकें दुखूं लागलें, मळमळलें किंवा घेरी आली, तर सर्वांनीं ताबडतोब मोकळ्या हवेंत यावें व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सांठ्याची व शेगडीची ही व्यवस्था थंडी पडण्यापूर्वींच करून ठेवावी, अशी शेतकरी बंधूंस विनंति आहे.