जगाच्या लक्षात राहतं

'फॉलआउट' या १९९७ च्या गेममधला खलनायक शब्दांनी हरू शकतो. अणुयुद्धात बेचिराख झालेल्या कॅलिफोर्नियात 'मास्टर' नावाचा हा जीव पकडलेल्या माणसांना विषाणूच्या द्रावात बुडवून महाकाय, दणकट अशी नवी जात घडवतो. सगळे एकाच जातीचे झाले की भेद मिटतील आणि युद्धंही, यावर त्याची मनापासून श्रद्धा आहे. त्याला बंदुकीने मारता येतं, त्याचा अड्डा उडवून देता येतो. पण खेळाडूने वाटेत चौकशी केली असेल आणि ही नवी जात वांझ असल्याचा पुरावा मिळवला असेल, तर तो मास्टरपुढे ठेवता येतो. आपली नवी जात एका पिढीत संपणार हे उमगल्यावर तो स्वतःच सगळ्याचा शेवट करतो.

विज्ञानकथेवरच्या रोल-प्लेइंग गेमची ताकद मला या प्रसंगात सगळ्यात स्वच्छ दिसते. एवढ्या मोठ्या शत्रूला जीवशास्त्रातली एक गोष्ट पुरते. हे जग नियमांवर चालतं, खेळाडू ते नियम शिकतो आणि त्यांच्याच आधारे डाव उलटवतो. याच गेममध्ये बुद्धिमत्ता अगदी कमी ठेवून पात्र घडवलं तर त्याला धड वाक्यही बोलता येत नाही, आणि समोरची माणसं त्याला तसंच वागवतात. म्हणजे निवड संवादांच्या यादीत येण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते.

या परंपरेचं मूळ कागद, पेन्सिल आणि फाशांत आहे. मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर' १९७७ मध्ये आला. त्यात खेळ सुरू होण्याआधी पात्राचं अर्धं आयुष्य फाशांवर काढायचं असतं: चार-चार वर्षांच्या नोकऱ्या, बढत्या, आणि मूळ नियमांनुसार त्यातच मृत्यूसुद्धा. जो वाचतो तो बहुधा निवृत्त, मध्यमवयीन, थोडीफार शिल्लक गाठीला असलेला माणूस. अंतराळयान घेतलं तर चाळीस वर्षांचे हप्ते. महिन्याचा हप्ता थकलेला असताना बेकायदा माल न्यायचा की नाही, हा प्रश्न पुस्तकी नैतिकतेचा राहत नाही. शिवाय टेबलाशी बसलेला रेफरी खेळाडूच्या कितीही अनपेक्षित उत्तराला तिथल्या तिथे पुढची गोष्ट जोडू शकतो.

संगणकावर ही सोय नाही. तिथे सगळं आधी लिहून ठेवावं लागतं. दोन-दोन पर्यायांचे दहा निर्णय ओळीने ठेवले तर १०२४ वाटा होतात. एवढ्या गोष्टी कोण लिहिणार? म्हणून लेखक वाटा फाकवतात, पुन्हा एकत्र आणतात, आणि खेळाडूने कुठे काय केलं याची नोंद ठेवतात. ती नोंद किती उशिरा आणि कुणाच्या तोंडून परत येते, यात सगळं कसब आहे. २००० सालच्या 'डेअस एक्स'मध्ये नायकाचा भाऊ म्हणतो, खिडकीतून पळ. ऐकलं तर भाऊ मरतो. थांबून लढलं आणि दारातून बाहेर पडलं तर वाचतो. ही निवड आहे असं गेम कुठेच सांगत नाही. पहिल्यांदा खेळणाऱ्या कित्येकांना दुसरी शक्यता होती हेच कळत नाही. इतकं धाडस फार थोड्या लेखकांनी दाखवलं आहे.

बायोवेअरच्या 'मास इफेक्ट'ने (२००७, २०१०, २०१२) हीच नोंद तीन गेमांमध्ये पुढे नेली. क्रोगन ही लढवय्यांची जात. तिची संख्या आवरायला दुसऱ्या जातीच्या वैज्ञानिकांनी असा जनुकीय विकार घडवलाय की बहुतेक बाळं जन्मच घेत नाहीत. पहिल्या भागात रेक्स नावाचा क्रोगन साथीदार याच विकाराच्या उपायावरून खेळाडूवर बंदूक रोखतो. त्याला समजावता येतं, नाहीतर तो तिथेच मरतो. तिसऱ्या भागात उपाय खरोखर हाताशी येतो. रेक्स जिवंत असेल तर त्याच्या जातीचा नेता तो असतो, समंजस आणि दूरदृष्टीचा. नसेल तर ती जागा त्याच्या भावाकडे जाते, आणि भावाला सूड हवा आहे. उपाय तोच, पण तो द्यावा का हा प्रश्नच आता वेगळा झालेला असतो. जुन्या निर्णयाने उत्तर बदलणं सोपं. प्रश्न बदलणं हे मोठं लेखन. त्यात मॉर्डिन हा वैज्ञानिक, ज्याने कधीकाळी तो विकार टिकवण्याचं काम केलं, तो आता उपाय पसरवायला मनोऱ्यावर चढायला निघतो, आणि त्याला जाऊ द्यायचं की पाठीत गोळी घालायची हे खेळाडूवर येतं. इथे हात थरथरला नाही असा खेळाडू मला भेटलेला नाही.

याच मालिकेचा एक दोषही सांगायला हवा. सज्जन उत्तराला निळे गुण, दांडगाईला लाल, आणि जास्त गुण साठले की खास संवाद खुले. मग खेळाडू विचार सोडून रंग साठवतो. 'फॉलआउट: न्यू व्हेगास'मध्ये (२०१०) प्रत्येक गटाकडे तुमची पत वेगळी मोजली जाते, हूव्हर धरण कुणाच्या ताब्यात जावं याचं निर्दोष उत्तर तिथे नाही. लोकशाहीचं नाव घेणारं प्रजासत्ताकही गावं गिळतच पुढे सरकतं. मला ते लेखन अधिक प्रामाणिक वाटतं. 'सायबरपंक २०७७'ने (२०२०) सुरुवातीला पात्राचा पूर्वेतिहास निवडायला दिला, पण पहिल्या काही तासांनंतर त्याचे फारसे पडसाद उमटत नाहीत. 'ट्रॅव्हलर'चे हप्ते आठवतात ते अशा वेळी.

'मास इफेक्ट ३'च्या शेवटावर २०१२ मध्ये मोठा गदारोळ झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीला वाढीव शेवट मोफत द्यावा लागला. त्या रागाला हट्ट म्हणून हिणवलं गेलं. मला तो रास्त वाटतो. तीन गेम जग सगळं लक्षात ठेवत होतं. अखेरच्या काही मिनिटांत मात्र खेळाडूने आधी काय केलं याला जवळपास किंमत उरली नाही.

मराठी वाचकाला 'जर-तर'ची ही ओढ नवी नाही. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत मराठे पानिपत जिंकलेले आहेत, आणि प्राध्यापक त्या जगात जाऊन पोहोचतात. तिथे फाटा लेखकाने पाडला आणि आपण त्यामागून गेलो. गेममध्ये फाटा पाडण्याची जबाबदारी खेळणाऱ्यावर येते, आणि परिणामांचं ओझंही.

२०२२ चा 'सिटिझन स्लीपर' हे ओझं फार थोड्या साधनांत देतो. नायक म्हणजे एका माणसाच्या मनाची नक्कल, कृत्रिम शरीरात घातलेली. शरीराची मालकी कंपनीची, आणि ते मुद्दामच झिजत जाणारं. अंतराळस्थानकावर दररोज काही फासे मिळतात. शरीर खालावलं की फासे कमी होतात. उरलेला चांगला फासा औषधासाठी कमवायला वापरायचा, की गोदीत राबणाऱ्या लेमच्या छोट्या मीनाला सांभाळायला? लेमला त्या मुलीसह दूरच्या वसाहतीकडे निघालेल्या जहाजावर जागा हवी आहे. त्यासाठी खेळाडू आपले फासे खर्चत राहतो, आणि जहाज सुटायच्या वेळी त्यालाही चढता येतं. मागे राहिलं तरी गेम त्याला चूक म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा फासे मिळतात, गोदीत काम असतं, आणि ओळखीची बाकीची माणसं तुम्ही त्यांच्यासाठी काय केलं होतं ते धरून बोलतात.