ताप उतरतो, थकवा उरतो

तापातून उठलेलं पोर अभ्यासाला बसेना, की घरात पहिला शब्द उमटतो ‘आळस’. दुसरा ‘टेन्शन’. मी कवी माणूस, वैद्यकातला नव्हे. पण हे दोन्ही शब्द किती घाईचे आहेत, ते एका अभ्यासातून मला उमगलं.

अमेरिकेत शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा हा अभ्यास. एपस्टाइन-बार नावाचा विषाणू लाळेतून पसरतो. लहानपणी गाठला तर बहुधा कळतही नाही. तरुणपणी मात्र ताप, घसादुखी, मानेत गाठी. या दुखण्याला तिकडं ‘मोनो’ म्हणतात. संशोधकांनी शहाणपणा केला तो असा, की ४,५०१ विद्यार्थ्यांची माहिती आणि रक्ताचे नमुने मोनो होण्याआधीच घेऊन ठेवले. पुढं २३८ जणांना मोनो झाला. सहा महिन्यांनी त्यांतले ५५, म्हणजे शेकडा २३, ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ या दीर्घ थकव्याच्या विकारात सापडले.

मग आधीची टिपणं काढली. ज्यांचा विकार तीव्र झाला, ती मुलं मुळातच चिंतातुर, खचलेली, ताणाखालची होती का? बऱ्या झालेल्या मुलांच्या तुलनेत तसा फरक दिसला नाही. फरक होता शरीराच्या तक्रारींत, अन् रक्तात: प्रतिकारशक्तीचे निरोप पोचवणारी काही प्रथिनं त्यांच्यात आजाराआधीच कमी होती.

ऑस्ट्रेलियात डब्बो इथल्या अभ्यासानं २००६ मध्ये असंच सांगितलं होतं. मूळ दुखणं जितकं जोराचं, तितका थकवा रेंगाळण्याचा धोका मोठा. स्वभावाचा त्यात फारसा हात नाही. तिथल्या रुग्णांत रॉस रिव्हर विषाणूचेही होते, आणि तो चिकुनगुनियाचा भाऊबंद. २००६ मध्येच आपल्याकडं चिकुनगुनियाची साथ आली होती. महिनोन् महिने सांधे धरून बसलेल्या माणसांना कुणी आळशी म्हटलं नाही. सुजलेला सांधा दिसतो हो. थकवा कुठं दिसतो?

हा थकवा झोपेनं जात नाही. उलट एक दिवस जोर केला, की पुढचे काही दिवस व्याजासकट वसूल करतो. म्हणून ‘जरा धाव, घाम गाळ’ हा सल्ला अंगाशी येऊ शकतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनंही २०२१ मध्ये अशा रुग्णांसाठी टप्प्याटप्प्यानं व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस मागं घेतली.

तेव्हा मुलगी जिना चढून धापा टाकत असेल, वाचलेलं पान ध्यानात राहत नसेल, तर आधी डॉक्टरांकडून रक्तातलं हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून घ्या. कॉलेजात जाऊन सांगा. एखादा पेपर पुढच्या खेपेला दिला तरी चालतो.