काळ्या रानातली फोर बाय फोर : टायरबद्दलचे गैरसमज

मुडबी हे गाव बसवकल्याण तालुक्यात. तिथून पुढे कलबुर्गी जिल्हा लागतो. या पट्ट्यात टायरची गाठ दोन तऱ्हेच्या वाटांशी पडते. पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल, चाकाला एकदा धरला की सुटत नाही असा. एरवी डांबर : बसवकल्याण, हुमनाबाद, पुणे-हैदराबाद महामार्ग. म्हणून इथले फोर बाय फोरवाले टायरबद्दल पुष्कळ बोलतात. त्यातलं बरंचसं चुकीचं असतं, आणि एक समज तर जिवावर बेतणारा आहे.

तो असा : ‘उन्हाळ्यात हवा दोन-चार पॉइंट कमी ठेवावी, म्हणजे टायर फुटत नाही.’ खरं नेमकं उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत रस्त्याला टेकताना जास्त दबते आणि लगेच सरळ होते. २१५/७५ आर १५ मापाचा टायर ताशी ८० किलोमीटरला मिनिटात साधारण ६०० फेरे घेतो, म्हणजे भिंतीचा प्रत्येक भाग तितक्या वेळा वाकतो. या वाकण्यातूनच उष्णता तयार होते, आतले थर सुटायला लागतात आणि टायर फाटतो. वर गाडीत माणसं खच्चून भरलेली, मागे पोती, आणि मे महिन्यातलं डांबर. धोका तिथे आहे. ऊन आणि धाव यांनी हवेचा दाब चार-सहा पीएसआय वाढतो, हे बनवणाऱ्यांनी आधीच धरलेलं असतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत दिलेला आकडा थंड टायरचा आहे. म्हणून हवा सकाळी, गाडी फिरण्याआधी तपासा. गरम टायरमधली वाढलेली हवा काढू नका. गार झाल्यावर तो टायर कमी हवेचा होतो. त्या पट्टीवर भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिला असेल, तर ओझं असताना तोच पाळा. टायरच्या अंगावर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची नसते.

नायट्रोजन भरला की पुन्हा बघायला नको, असंही सांगितलं जातं. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. नायट्रोजन भरल्याने नुकसान काही नाही, पण गेज लावणं त्याने चुकत नाही.

दुसरा समज असा, की फोर बाय फोर गाडी कुठेही टिकते. इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते, त्याचा उपयोग पुढे सरकायला होतो. ब्रेक साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. ओल्या डांबरावर थांबायचं तर सगळी भिस्त टायरवर. नक्षीच्या खाचेत तळाशी रबराची छोटी उंच पट्टी असते. नक्षी झिजून तिच्या बरोबरीला आली, की १.६ मिलिमीटर खोली उरली असं समजावं. ती कायद्याची शेवटची हद्द आहे. माझ्या मते पावसाळ्याच्या तोंडावर तीन मिलिमीटरच्या खाली आलेले टायर बदलावेत, कारण पाणी बाजूला फेकायला खाच खोल लागते.

ओल्या डांबरावर थांबायचं असतं, म्हणूनच मोठ्या गोट्यांचे मड टेरेन टायर सगळ्यांना नकोत. खोल चिखलात ते खरोखर उपयोगी आहेत : रुंद फटींतून चिखल फेकला जातो, तिथे रान आणि डांबर दोन्हींसाठीच्या ऑल टेरेन टायरची नक्षी काळ्या मातीने लिंपून गुळगुळीत होते. पण डांबरावर त्यांचं रबर कमी टेकतं, ओल्यात गाडी उशिरा थांबते, आवाज वाढतो, डिझेल जास्त जातं. रोज पांदीतून रानात जाणं असेल तर मड टेरेन घ्या. आठवड्यातून एकदा शेत आणि बाकी दिवस कलबुर्गी असेल, तर ऑल टेरेन पुरे.

चिखलात हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली तर टायर पसरतो आणि कमी रुततो, हे खरं. मात्र त्या हवेवर गाडी माणसाच्या चालण्याच्या वेगानेच हाकावी, आणि डांबराला लागण्याआधी परत भरावी. त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर गाडीत हवाच.

‘दोन झिजले, दोनच बदलू’ हा हिशेब फोर बाय फोरला महाग पडतो. पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये लिव्हर टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. पुढचे टायर नवे आणि मागच्यांची नक्षी पाच मिलिमीटर झिजलेली असेल, तर वर सांगितलेल्या मापात किलोमीटरमागे साधारण १४ मीटरचा फरक पडतो. चिखलात चाक घसरून तो भरून काढतं. कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नसते. ताण ट्रान्सफर केसवर आणि गिअरांवर येतो. कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर लावायची नाही, तेही यासाठीच. चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे ठेवा आणि दर ८-१० हजार किलोमीटरला स्टेपनी धरून पाचांची अदलाबदल करा.

तुरीच्या काढणीनंतर रानात गाडी घालताना धसकटं बघा. तिरपा कापलेला वाळलेला खुंट बाजूच्या भिंतीत घुसतो. नक्षीतलं पंक्चर टायर रिमवरून उतरवून, आतून पॅच लावून नीट होतं. भिंतीतलं होत नाही, पंक्चरवाला काहीही म्हणो. तो टायर बाद धरा.

नक्षी शाबूत म्हणजे टायर चांगला, असंही नाही. उन्हात उभ्या गाडीचं रबर न चालताही कडक होतं, बारीक भेगा पडतात. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराला दाखवावा, आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी वापरू नये. स्टेपनीलाही हाच नियम. वय टायरवरच लिहिलेलं असतं : लांबट चौकटीतले चार आकडे. ३२२३ म्हणजे २०२३ सालातला बत्तिसावा आठवडा. दुकानात पैसे मोजण्याआधी ते आकडे स्वतः वाचा, आणि टायर जुना निघाला तर दुसरा मागा.