ते घर प्रार्थनेला का जाते?

पेण आणि रोहा तालुक्यांतल्या बौद्धवाड्यांमधून आरोग्याच्या कामासाठी फिरताना आमच्या कानावर एक तक्रार हमखास येते. ‘सिस्टर, त्या घराने धम्म सोडला. रविवारी प्रार्थनेला जातात.’ आम्ही त्या घरी जातो तेव्हा धर्माचा विषय बहुतेक वेळा निघतच नाही. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो जागेवर असतो. आतल्या खोलीत एखादा तरुण मुलगा दुपारचे बारा वाजले तरी पांघरूण घेऊन पडलेला असतो, नाहीतर धाटावच्या कारखान्यातले काम सुटलेला बाप स्वतःशीच बोलत बसलेला असतो. आई सांगते, ‘तिथे याला कोणी वेडा म्हणत नाही. शेजारी बसवून चहा देतात. एका रविवारी गेलो नाही तर घरी विचारायला आले.’

विहारातून विचारायला कोण आले होते, असे आम्ही विचारतो. त्यावर ती गप्प बसते.

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला येशूच्या प्रार्थनेत बसण्याची गरज नाही, हे आम्हीही मानतो. पण ज्या घराला दोन-दोन वर्षे कोणी हळदीकुंकवाला, बारशाला, लग्नाला बोलावले नाही, त्या घराला प्रतिज्ञा म्हणून दाखवण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला? अशा घरावर पंचायतीच्या बैठकीत ठराव करण्यापेक्षा, त्यांना तिथे काय मिळाले ते आधी समजून घेतले पाहिजे.

ख्रिस्ती मंडळींच्या या कामात दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. बाहेरून दोन्हीकडे क्रॉस आणि बायबलच दिसते म्हणून लोकांचा घोळ होतो.

पहिला प्रकार आपल्याच जिल्ह्यात आहे. न्यू पनवेलजवळ वांगणी गावात सील आश्रम आहे. पास्टर के. एम. फिलिप यांनी तो १९९९ मध्ये सुरू केला. रस्त्यावर, स्टेशनवर सापडलेली आजारी माणसे तिथे आणली जातात. त्यांत मनाच्या आजाराने घर सोडलेले पुष्कळ असतात. त्यांना आंघोळ, जेवण, औषधोपचार मिळतात आणि पत्ता लागला की घरी पोचवले जाते. हेच काम कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत वटवानी यांची श्रद्धा ही संस्था कोणत्याही धर्माचे नाव न घेता करते. वटवानींना त्यासाठी २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे बरे वाटायला अमुक एक धर्मच लागतो असे नाही, हे सिद्ध करायला रायगडच्या बाहेर जावे लागत नाही.

घरात राहणाऱ्या रुग्णांसाठी मात्र गट लागतो. अमेरिकेत ओमाहा शहरात ब्रॅड होफ्स नावाचे पास्टर आहेत. त्यांना स्वतःला बायपोलरचा आजार आहे, म्हणजे कधी अतिउत्साह, कधी खोल उदासी. पास्टरलाच असा आजार झाला तर चर्चमध्ये काय बोलले जात असेल, याची कल्पना आपल्या लोकांना नक्की येईल. त्यांनी २००९ मध्ये ‘फ्रेश होप’ नावाचे गट सुरू केले. त्यात आजारी माणूस आणि त्याच्या घरचे एकत्र बसतात, गट चालवणारा त्याच वाटेने गेलेला असतो आणि डॉक्टर व औषध यांची जागा गट घेत नाही. प्रार्थना होते, पण ‘गोळ्या घेतोस म्हणजे तुझी श्रद्धा कमी’ असे तिथे म्हटले जात नाही.

दुसरा प्रकार हाच की जिथे तसे म्हटले जाते. ‘दुष्ट आत्मा आहे, गोळ्या बंद करा, प्रभू बरे करील.’ हे भगताच्या देवस्कीपेक्षा वेगळे नाही, फक्त भाषा वेगळी. यातली मेख घरच्यांनी नीट समजून घ्यावी. मानसिक आजाराच्या गोळ्या बंद केल्या की आजार दुसऱ्या दिवशी उसळत नाही. बऱ्याचदा त्याला काही आठवडे, कधी महिने लागतात. मधल्या काळात उलट बरे वाटते, कारण गोळ्यांमुळे येणारी सुस्ती जाते, हातांची थरथर थांबते, अंग मोकळे होते. ‘बघा, प्रार्थनेने बरा झाला’ असे सगळे म्हणतात. मग एका रात्री तो झोपत नाही. दुसऱ्या रात्रीही झोपत नाही. चौथ्या दिवशी तो घरातून निघून गेलेला असतो. तेव्हा कोणी म्हणत नाही की गोळ्या बंद केल्याने झाले. म्हणतात, घरच्यांची श्रद्धा कमी पडली.

रात्रभरच्या प्रार्थना आणि उपास यांचेही तसेच आहे. बायपोलरच्या रुग्णाला एक-दोन रात्रींचे जागरण आजार उलटायला पुरते. लिथियमची गोळी चालू असताना पाणी आणि मीठ कमी पडले तर रक्तात औषधाचे प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. आणि हे फक्त त्यांना ऐकवायचे नाही. चौदा एप्रिलच्या रात्री डीजेसमोर पहाटेपर्यंत नाचणारा आपला मुलगा त्याच गोळ्यांवर असेल, तर त्यालाही मिरवणुकीतून वेळेवर घरी आणून झोपवावे लागते. जयंतीचे नाव घेतले म्हणून मेंदू सूट देत नाही.

तेव्हा एखादे घर प्रार्थनेला जात असेल तर आम्ही तीनच प्रश्न विचारायला सांगतो. गोळ्या बंद करायला सांगतात का? मारतात, बांधतात, कोंडतात का? पैसे किंवा दागिने मागतात का? एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले, तर तिथून माणसाला परत आणा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा साखळीने बांधणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पास्टर, भगत, बाबा, सगळ्यांना तो सारखा लागू आहे. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी आश्रमाला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेली २८ माणसे त्या आगीत गेली. तिथे दर्गा आहे, आणि दर्ग्याच्या आशेने घरच्यांनीच त्यांना आणून सोडले होते.

तिन्ही उत्तरे ‘नाही’ आली, तर त्या घराशी भांडू नका. गोळ्या चालू आहेत ना, एवढे बघा, आणि आपले दार उघडा.

दार उघडण्याची गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. श्रावस्तीची पटाचारा. नवरा साप चावून गेला, दोन्ही मुले वाटेत गेली, आईबाप आणि भाऊ घर कोसळून गेले. तिचे भान सुटले. अंगावर वस्त्र नाही, लोक मागे लागून घाण फेकत होते. अशी ती जेतवनात आली तेव्हा उपासकांनीच तिला अडवायला पाहिले. तथागत म्हणाले, येऊ द्या तिला. कोणीतरी अंगावरचे वस्त्र तिच्याकडे टाकले. मुले परत मिळतील असे त्यांनी तिला सांगितले नाही. पुढे ती भिक्खुणी झाली आणि मुले गमावलेल्या कितीतरी बाया तिच्याभोवती जमल्या. गट म्हणतात तो हाच. विहाराच्या दारात तेव्हा अडवणारेही होते, हा भाग प्रवचनात सहसा गाळला जातो.

आपल्याला गट नव्याने शोधायचा नाही. वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन होते. माणसे बसतात, सतरंजी असते, चहा असतो. त्यातलाच पंधरा दिवसांतून एक तास या घरांसाठी काढायचा. आठ-दहा माणसे पुरेत. ठाण्याच्या आयपीएच संस्थेत डॉ. आनंद नाडकर्णी यांनी रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणायला सुरुवात केली. ते शब्द आपणही घेऊ. ‘येडा’ हा शब्द आत आणायचा नाही. तिथे बोललेले नळावर बोलायचे नाही. हा नियम मोडला की गट संपला, कारण वस्तीत भिंती पत्र्याच्या असतात. सल्ला कोणी कोणाला द्यायचा नाही, फक्त आपले सांगायचे: या पंधरवड्यात झोप किती लागली, गोळी चुकली का, भांडण कशावरून झाले. गोळीने अंग आखडते, वजन वाढते, अशी तक्रार आली तर गोळी न सोडता डॉक्टरांना सांगून बदलून घ्यायची, हे एका शुभार्थीने दुसऱ्याला सांगितले तर जास्त पटते. आम्ही दहा वेळा सांगून पटत नाही.

बुद्धविचार म्हणून कोणी दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला पाठवायला निघतात. तीव्र मानसिक आजार असलेल्यांनी ते शिबिर करू नये, असे विपश्यना केंद्रे स्वतःच सांगतात. गटात पाच मिनिटे शांत बसणे वेगळे.

डॉक्टरांसाठी पेण आणि रोहा इथल्या उपजिल्हा रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर विचारा: मानसोपचाराचे डॉक्टर येतात का, आणि कोणत्या वारी. तिथे सोय नसेल तर अलिबागचे जिल्हा रुग्णालय. मानसिक आजार हे २०१६ च्या कायद्याने अपंगत्व आहे. ४० टक्के किंवा जास्त असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र मिळते, आणि त्यावर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. जुने केसपेपर फेकू नका, प्रमाणपत्राच्या वेळी तेच लागतात. रात्री-अपरात्री कोणी मरण्याची भाषा करू लागला तर त्याला एकटे सोडू नका, घरातले कीटकनाशक आणि साठवलेल्या गोळ्या शेजारी नेऊन ठेवा, आणि १४४१६ लावा. टेलिमानस नावाची ही सरकारी सेवा फुकट आहे, चोवीस तास चालते, आणि मराठीत बोलता येते.