जुन्या मालमोटारीचा तळ

१९४७ सालीं अमेरिकेंत शेव्हर्ले कंपनीनें लहान मालमोटारींची एक नवी मालिका बाजारांत आणली. गोल नाकाडाच्या व प्रशस्त केबिनीच्या ह्या गाड्या १९५५ च्या आरंभापर्यंत निघत होत्या. आज तिकडील हौशी लोक त्या हुडकून काढून, दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणतात. शेव्हर्ले हें नांव मुंबईलाही अपरिचित नव्हतें. जनरल मोटर्सचा मोटारी जुळविण्याचा कारखाना शिवडीस १९२८ पासून १९५४ पर्यंत होता.

अशी गाडी हातीं आली म्हणजे नवा मालक प्रथम इंजिनाचें झांकण उघडतो. वास्तविक त्यानें आधीं पायाखालचें रबर उचलून पाहावें. ओल्या बुटांबरोबर आलेलें पाणी त्याखालीं सांचतें. हिंवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर टाकलेलें मीठ त्यांत मिसळतें, आणि पत्रा वरून व खालून गंजूं लागतो. ह्या गाड्यांत बॅटरीही चालकाच्या शेजारच्या बाजूस तळाखालींच असते. तिच्यांतील आम्ल आपलें काम निराळेंच करीत असतें. वरून रंग शाबूत दिसतो, आणि पेचकसाचें टोंक टेकतांच आरपार जातें.

तळाचे तयार पत्रे अमेरिकेंत विकत मिळतात. ते मिळतात म्हणून काम सोपें झालें, असा पुष्कळांचा समज होतो, आणि तोच महागांत पडतो. तळ हा केवळ पाय ठेवण्याचा पत्रा नव्हे. दोन्ही दारांचे उंबरठे व मागची भिंत त्यानेंच एकमेकांशीं बांधलेलीं असतात. तो एकदम कापून काढला कीं दाराची चौकट हळूच सरकते. त्या वेळीं डोळ्याला कांहीं दिसत नाहीं. नवा तळ पक्का होतो, रंगही होतो, आणि दार लावूं जावें तों तें खालीं घासतें व वर फट राहते. मग सारें उकलण्यावांचून गति नसते.

म्हणून जाणता कारागीर कापण्याचें हत्यार उचलण्यापूर्वीं टेप हातीं धरतो. केबिन चासीवर आपल्या मूळ टेकूंवर बसलेली असावी व दारें बिजागऱ्यांवर असावीं. चौकटीचीं तिरकीं मापें घेऊन तीं लिहून ठेवावीं. नंतर आंतल्या अंगानें, दार मिटेल अशा बेतानें, लोखंडी नळीचे तात्पुरते टेकू जोडावे. मगच एक बाजू कापावी. ती पुरी झाल्याशिवाय दुसरीला हात लावूं नये.

१९४९ पासूनच्या गाड्यांत पेट्रोलची टाकी केबिनींतच, बैठकीच्या मागें असते. ठिणगी उडण्यापूर्वीं ती काढून दूर न्यावी. ‘ती तर रिकामीच आहे’ हें उत्तर येथें चालत नाहीं. रिकाम्या टाकींत कोंडलेली वाफ भरल्या टाकीहूनही घातक ठरूं शकते. बॅटरीही आधींच काढावी.

जुना पत्रा कारखान्यांत ठिकठिकाणीं ठिपक्यांनीं जोडलेला असतो. तो प्रत्येक ठिपका शोधून गिरमिटानें फक्त वरचा थर पोखरावा व छिन्नीनें पत्रा सोडवावा. घाईनें ओढल्यास खालची चांगली पट्टीही फाटते. कापतांना गंजाच्या कडेशीं न थांबतां निकोप पोलादापर्यंत जावें. नवा पत्रा ‘हुबेहूब’ म्हणून विकला जातो. प्रत्यक्षांत तो पहिल्या खेपेस क्वचितच बसतो. शिकंज्यांनीं तो धरावा, दार मिटून पाहावें, ब्रेक व क्लचचीं पायटीं आपल्या भोंकांतून मोकळीं हलतात कीं नाहीं तें तपासावें, काढावा, कानस मारावी, पुन्हा बसवावा. ह्यांत एक दिवस गेला तरी तो वाया गेला असें समजूं नये.

पत्रा सुमारें सव्वा मिलिमीटर जाडीचा. त्यावर सलग वेल्डिंग केल्यास उष्णतेनें तो पापडासारखा वाकतो. म्हणून एक टाका येथें, दुसरा दूर तेथें, असें करीत व मधून मधून निवूं देत सांधा भरावा. जस्ताचा मुलामा असेल तर तो कडेचा घासून काढावा. जळत्या जस्ताच्या धुरानें थंडी वाजून ताप येतो. सरतेशेवटीं सांध्यांत लांबी भरून दोन्ही अंगांनीं रंग द्यावा. पाणी निघून जाण्याचीं मूळचीं भोंकें मात्र त्या लांबीनें बुजलीं नाहींत ना, हें गाडीखालीं निजून पाहावें.