काचेतला राजा

रत्नागिरीहून पालीला येणारी रात्रीची एस.टी. हातखंबा सोडून पुढे निघाली, की बाहेर मिट्ट काळोख असतो. आत पिवळा दिवा. पावसामुळे खिडकीच्या काचा ओढून घेतलेल्या. अशा वेळी काचेकडे पाहावे. समोरच्या बाकावरची म्हातारी, तिचे बोचके, तिकिटे फाडणारा कंडक्टर अशी सगळी मंडळी बाहेरच्या झाडांतून तरंगत चाललेली दिसतात.

गणपतीला घरी आलेला पुतण्या आर्किटेक्चर शिकतो. त्याने विचारले, “काका, थिबा पॅलेससमोर राजाचा होलोग्राम उभा करता येईल का हो? दिल्लीत नेताजींचा केला होता तसा?” मी त्याला ही एस.टी.ची काच आठवायला सांगितली.

लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत 1862 साली जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर भूत आणले, ते याच युक्तीने. प्रेक्षकांसमोर मोठी तिरकी काच, आणि खाली लपलेल्या नटावर झगझगीत प्रकाश. खरा होलोग्राम निराळा. डेनिस गाबर यांनी 1947 मध्ये त्याची कल्पना मांडली, 1971 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यात वस्तूवरून आलेले आणि सरळ आलेले किरण एकमेकांत मिसळून जी नक्षी उमटते, ती फिल्मवर धरतात. पण ते चित्र त्या फिल्मच्या चौकटीतूनच दिसते. दोन मजली राजा हवा, तर तेवढी मोठी फिल्म हवी!

म्हणून दिल्लीत झाला तो पडद्याचाच खेळ. इंडिया गेटजवळच्या छत्रीत 23 जानेवारी 2022 रोजी नेताजी उभे राहिले: 28 फूट उंच, 6 फूट रुंद. पडदा नव्वद टक्के पारदर्शक, प्रोजेक्टर तीस हजार ल्यूमेनचा. घरी सिनेमा पाहायला तीन हजारांचा पुरतो. त्याच वर्षी 8 सप्टेंबरला तिथे तेवढ्याच उंचीचा ग्रॅनाइटचा पुतळा आला.

रत्नागिरीत हे जमेल? हवेवर चित्र ठरत नाही, त्याला काहीतरी धरून ठेवावे लागते. समुद्राच्या वाऱ्यात 28 फुटांचा पडदा म्हणजे गलबताचे शीडच. पावसाचे चार महिने तर सोडूनच द्या. थेट भिंतीवर प्रकाश टाकावा, तर लाल भिंत लाल तेवढा परत देते, निळा-हिरवा गिळून टाकते. शिवाय सपाट पडद्यावरचा राजा समोरून भव्य, आणि बाजूने पाहणाऱ्याला पापडाएवढा!

पुतण्या हिरमुसला. मला मात्र वेगळीच अडचण वाटत होती. ब्रह्मदेशचा हा शेवटचा राजा. 1885 मध्ये इंग्रजांनी राज्य घेतले, पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवले. हा वाडा 1910 च्या सुमारास उभा राहिला आणि 1916 मध्ये राजा वारला, तो इथेच. म्हणजे ज्याला आपण राजवाडा म्हणतो, तो त्याचा बंदिवास. त्याला अंगणात 28 फुटांचा करून, वर संगीत लावून उभा करायचा? नेताजींच्या छत्रीत पूर्वी पंचम जॉर्जचा पुतळा होता. तिथे उंचीला अर्थ होता. इथे तो कसला?

मग आम्ही दोघांनी कागदावर वेगळेच काही मांडले. भिंतीला एकही खिळा मारायचा नाही. वरच्या मजल्यावर त्या अर्धगोल नक्षीदार खिडक्या आहेत ना, त्यांतल्या एकीच्या आत, लाकडी चौकटीवर पातळ पडदा लावायचा. मागून घरगुती प्रोजेक्टर. वारा नाही, पाऊस नाही, लाल भिंत मध्ये येत नाही. माणसाएवढाच माणूस, बाहेर पाहत उभा. बाकीच्या खिडक्या अंधाऱ्या.

“आणि बाहेरचे दिवे?” पुतण्याने विचारले.

ते विझवावे लागतील. निदान वीस मिनिटे तरी.