डायलिसिसच्या खुर्चीवर कावीळ कुठून येते?



आमच्या गटातल्या एका ताईंचे यजमान आठवड्यातून दोनदा पेठहून नाशिकला डायलिसिसला जातात. मागच्या तपासणीत त्यांच्या रक्तात ‘हेपेटायटिस सी’ निघाला. गावात बातमी पसरली आणि त्यांचा चहाचा कप वेगळा झाला. बैठकीत ताई म्हणाल्या, “व्यसन नाही, काही नाही, मग हे आलं कुठून?” म्हणून आज हा विषय घेतोय.

हेपेटायटिस सी हा यकृताला सूज आणणारा विषाणू. तो रक्तातून रक्तात जातो. एका ताटात जेवल्यानं, एका कपातून चहा प्यायल्यानं, शेजारी बसल्यानं तो होत नाही. घरात फक्त दाढीचं पातं, नेलकटर, दातांचा ब्रश वेगळा ठेवायचा.

मग डायलिसिसमध्ये तो कसा शिरतो? प्रत्येक वेळी हातात दोन सुया टोचतात, रक्त नळ्यांतून बाहेर येतं आणि गाळून परत जातं. आठवड्याला दोनदा म्हणजे वर्षाला शंभरावर वेळा. एका हॉलमध्ये अनेक रुग्ण आणि कर्मचाऱ्यांची धावपळ. एकाची सुई काढून तेच हातमोजे घालून दुसऱ्याला हात लावला, रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपॅरिनची एकच बाटली खुर्च्यांपाशी फिरवत सगळ्यांना वापरली, खुर्चीवरचा, मशीनच्या बटणांवरचा रक्ताचा थेंब पुसायचा राहिला, की वाट मिळाली. डोळ्यांना न दिसणाऱ्या थेंबातही विषाणू असतो आणि तो कित्येक दिवस टिकतो.

सोबत जाणाऱ्या बाईनं चार गोष्टी बघाव्यात. दर रुग्णाला हात धुऊन नवे हातमोजे घालतात का? इंजेक्शन रुग्णांपासून लांब, स्वच्छ टेबलावर भरतात का? आधीचा रुग्ण उठल्यावर खुर्ची आणि मशीन जंतुनाशकानं पुसतात का? डायलायझर धुऊन पुन्हा वापरत असतील, तर त्यावर आपल्याच माणसाचं नाव आहे का? विचारताना भांडायचं नाही, पण लाजायचंही नाही. “दादा, मोजे बदलता का?” एवढं म्हणायला काय हरकत आहे?

डायलिसिस सुरू करताना आणि पुढे निदान दर सहा महिन्यांनी हेपेटायटिस सीची तपासणी व्हायला हवी. रिपोर्ट मागून घ्या, फाईलला लावा. बऱ्याचदा कावीळ दिसत नाही, वर्षानुवर्षं त्रासही होत नाही, म्हणून तपासणीवाचून कळत नाही. हेपेटायटिस बीची लस आहे, ती डॉक्टरांना विचारून घ्या. सीची लस अजून नाही.

पण सीवर औषध आहे! साधारण बारा आठवडे गोळ्या घ्यायच्या, शंभरातले नव्वदहून जास्त रुग्ण बरे होतात. डायलिसिसवरच्या रुग्णांनाही हा उपचार देता येतो. 28 जुलै 2018 पासून केंद्र सरकारच्या हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जिल्हा शासकीय रुग्णालयात चौकशी करा. गोळ्या मधेच सोडू नका, आणि विषाणूच्या भीतीनं डायलिसिस तर मुळीच चुकवू नका. बरं झाल्यावरही साधी तपासणी पॉझिटिव्हच येते. विषाणू खरंच गेला का, हे सांगणारी तपासणी वेगळी असते. ती करून घ्या.

ताईंच्या यजमानांच्या गोळ्या सुरू झाल्यात. आमची पुढची बैठक त्यांच्याच ओट्यावर आहे, आणि चहाही तिथंच घेणार आहोत.